सौरमालेतील उपग्रहांची संदर्भपुस्तिका : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी सौरमालेतील नैसर्गिक उपग्रहांची मराठी संदर्भपुस्तिका करायचे आमच्या आकाशनिरीक्षक गटाने ठरवले आहे. काम सुरू करण्यापूर्वी वाचनालयातील खगोलशास्त्राची पुस्तके काढून पाहिली. गुरूच्या उपग्रहांची संख्या एकात १६, दुसऱ्यात ६३ आणि तिसऱ्यात ७९ आहे. यांपैकी कोणताही आकडा त्याच्या काळी चुकीचा नव्हता. मात्र तो कोणत्या तारखेचा आहे हे एकाही पुस्तकात लिहिलेले नाही. विद्यार्थी पहिले हाती लागलेले पुस्तक उघडतो आणि तोच आकडा वहीत उतरवून घेतो. म्हणून पहिला नियम आजच ठरला: पुस्तिकेतील प्रत्येक संख्येसोबत ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते छापायचे.

व्याप्तीही आजच निश्चित केली. आठ ग्रह आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मान्य केलेले पाच बटुग्रह, एवढ्यांचेच उपग्रह मुख्य तक्त्यात येतील. बुध, शुक्र आणि सेरेस यांना उपग्रह नाही, हेही स्पष्ट लिहायचे, कारण रिकामी जागा पाहून वाचकाला माहिती राहून गेल्यासारखे वाटते. लघुग्रहांचे उपग्रह वगळले. त्यांच्यासाठी शेवटी एक पान राखले आहे. त्यात इडा या लघुग्रहाचा डॅक्टिल आणि डिडिमॉसचा डायमॉर्फस हे दोन नक्की असतील. डॅक्टिल हा गॅलिलिओ यानाने १९९३ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत सापडला. डायमॉर्फसवर २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान आदळवण्यात आले आणि त्याचा परिभ्रमणकाल अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. मागच्या शरद ऋतूत वर्तमानपत्रांनी ज्याला ‘पृथ्वीचा दुसरा चंद्र’ म्हटले, तो २०२४ पीटी५ हा लघुग्रह उपग्रहांत धरलेला नाही, कारण त्याने पृथ्वीभोवती एकही पूर्ण प्रदक्षिणा घातली नाही.

आजची स्थिती अशी: पृथ्वी १, मंगळ २, गुरू ९५, शनी १४६, युरेनस २८, नेपच्यून १६, मिळून २८८. बटुग्रहांपैकी प्लूटोचे ५, हाउमियाचे २, एरिस आणि माकेमाके यांचा प्रत्येकी १. एकूण २९७.

२ फेब्रुवारी २०२५

पहिला तक्ता पूर्णपणे फसला. तीन-चार ठिकाणचे आकडे एकाच स्प्रेडशीटमध्ये आणल्यामुळे हे घडले आणि त्यात बराच वेळ वाया गेला. कारणे सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे इतरांचा वेळ वाचेल.

काही स्रोत उपग्रहाची त्रिज्या देतात, काही व्यास देतात, आणि स्तंभाचे शीर्षक दोन्हीकडे नुसते ‘आकार’ असे असते. अंतराचेही तसेच. फोबॉसचे मंगळापासूनचे अंतर एका ठिकाणी ९,३७६ किमी तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे ६,००० किमी होते. दोन्ही बरोबर आहेत, कारण पहिले मंगळाच्या केंद्रापासूनचे आणि दुसरे त्याच्या पृष्ठभागापासूनचे आहे. कॅलिस्टोसारख्या दूरच्या उपग्रहाच्या बाबतीत हा फरक डोळ्यांत भरत नाही, पण फोबॉसच्या बाबतीत तो एक तृतीयांशाहून मोठा आहे. तिसरी अडचण स्वल्पविरामाची. गॅनिमिडचे अंतर आपण १०,७०,४०० असे लिहितो, परदेशी तक्त्यांत ते दशलक्षाच्या पद्धतीने येते, आणि काही युरोपीय तक्त्यांत स्वल्पविराम दशांशचिन्ह म्हणून वापरलेला असतो. स्प्रेडशीटने यांतले काही आकडे संख्या म्हणून घेतले, काही मजकूर म्हणून, आणि काहींची किंमत हजारपटीने कमी झाली.

दुरुस्ती: सर्व आकडे स्वल्पविरामाशिवाय भरले, आकारासाठी सर्वत्र सरासरी व्यास आणि अंतरासाठी सर्वत्र केंद्रापासूनचे सरासरी अंतर असे ठरवले. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर ही व्याख्या पूर्ण वाक्यात लिहिली. भौतिक माहिती आणि कक्षा यांसाठी यापुढे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे तक्ते हाच मुख्य आधार धरायचा आणि बाकीचे स्रोत केवळ पडताळणीसाठी वापरायचे.

९ फेब्रुवारी २०२५

डोळ्यांनी आकडे तपासणे अशक्य आहे हे लक्षात आल्यावर गटातील निवृत्त गणित शिक्षकांनी दोन चाचण्या सुचवल्या. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या पहिल्याच दिवशी तक्त्यात बसवाव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिली चाचणी घनतेची. वस्तुमान आणि व्यास भरले की तक्ता स्वतः घनता काढतो. गॅनिमिडची घनता १.९४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर येते, आयोची ३.५३, आपल्या चंद्राची ३.३४ आणि टेथिसची सुमारे ०.९८. व्यासाच्या जागी चुकून त्रिज्या पडली असेल तर घनता आठपट होते, गॅनिमिड १५.५ म्हणजे शिशापेक्षाही जड दिसू लागतो आणि चूक लपून राहत नाही.

दुसरी चाचणी केप्लरच्या तिसऱ्या नियमाची. एकाच ग्रहाच्या सर्व उपग्रहांसाठी अंतराचा घन भागिले परिभ्रमणकालाचा वर्ग हे गुणोत्तर सारखेच यायला हवे. अंतर हजार किलोमीटरमध्ये आणि काल दिवसांत धरल्यास आयोसाठी (४२१.८ आणि १.७६९) आणि कॅलिस्टोसाठी (१,८८२.७ आणि १६.६८९) दोन्हीकडे उत्तर सुमारे २ कोटी ४० लाख येते. मंगळाच्या बाबतीत फोबॉस आणि डायमॉस दोघांसाठी ते ८,१०० च्या आसपास येते. फोबॉसचे पृष्ठभागापासूनचे अंतर भरले तर ते २,१०० पर्यंत घसरते. परिभ्रमणकाल नाक्षत्र (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेला) की सांवासिक (सूर्याच्या संदर्भाने, म्हणजे अमावास्या ते अमावास्या) हा घोळही याच चाचणीत सापडतो, कारण आपल्या चंद्रासाठी कुठे २७.३२ तर कुठे २९.५३ दिवस दिलेले असतात. दूरच्या अनियमित (तिरप्या, लांबट कक्षांत फिरणाऱ्या) उपग्रहांना ही चाचणी काटेकोरपणे लागू पडत नाही, कारण सूर्याच्या आकर्षणाने त्यांच्या कक्षा सतत बदलत असतात. तरीही ढोबळ चुका तिथेही उघड होतात.

जेनस आणि एपिमिथियस हे शनीचे दोन उपग्रह मात्र वेगळे नोंदवावे लागले. त्यांच्या कक्षांमध्ये केवळ ५० किमीच्या आसपास अंतर आहे आणि साधारण दर चार वर्षांनी ते आपसांत कक्षांची अदलाबदल करतात. त्यामुळे ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ हा क्रम छापील पुस्तिकेत कायमचा देता येत नाही. दोघांची नोंद एकाच चौकटीत, सुमारे १,५१,४०० किमी या अंतरासह आणि खाली अदलाबदलीच्या टीपेसह दिली. १९६६ मध्ये दिसलेले ठिपके एका उपग्रहाचे की दोन उपग्रहांचे, हे कळायला १९७८ उजाडले होते. व्हॉयेजर १ ने १९८० मध्ये त्याची खात्री केली.

२ मार्च २०२५

‘शोधाचे वर्ष’ हा सर्वांत सोपा वाटलेला स्तंभ सर्वांत अवघड निघाला. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चार उपग्रह, हायगेन्सचा १६५५ चा टायटन, हॉलने ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून शोधलेले मंगळाचे दोन उपग्रह, बर्नार्डने १८९२ मध्ये लिक वेधशाळेत डोळ्यांनी पाहून शोधलेला ॲमल्थिया, इथवर काही अडले नाही. पुढे मात्र एकच वर्ष देणे दिशाभूल करणारे ठरते.

पॅन हा शनीचा उपग्रह शोवॉल्टर यांनी १९९० मध्ये शोधला, पण व्हॉयेजरच्या १९८१ च्या छायाचित्रांत, म्हणून त्याच्या तात्पुरत्या नावात १९८१ आहे. युरेनसचा पर्डिटा १९८६ च्या छायाचित्रांत १९९९ मध्ये सापडला, पुरावा अपुरा म्हणून त्याची मान्यता काढून घेण्यात आली, आणि २००३ मध्ये हबल दुर्बिणीला तो दिसल्यावर ती परत मिळाली. गुरूचा थेमिस्टो १९७५ मध्ये दिसला, हरवला आणि २००० मध्ये पुन्हा सापडला. नेपच्यूनचा एस/२००२ एन ५ प्रथम २००२ मध्ये दिसला, त्याची घोषणा मात्र २०२४ मध्ये झाली.

त्यामुळे स्तंभ फोडून तीन केले: प्रथम दिसल्याचे वर्ष, घोषणेचे वर्ष आणि नाव निश्चित झाल्याचे वर्ष. तक्ता रुंद झाला आणि पाने आडवी करावी लागली, पण या तीन वर्षांमधून उपग्रह कसा सापडतो हे वाचकाला कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय दिसते, आणि मला हा या पुस्तिकेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

१२ मार्च २०२५

काल शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाल्याची घोषणा झाली. शनीची संख्या १४६ वरून २७४ झाली. एडवर्ड ॲश्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील मौना केआ येथील कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीच्या साहाय्याने हे शोधले आहेत. सर्व काही किलोमीटर आकाराचे आणि ग्रहापासून दूर, तिरप्या व लंबवर्तुळाकार कक्षांमध्ये फिरणारे आहेत.

वैज्ञानिकदृष्ट्या ही अतिशय आनंदाची बातमी आहे, पण आमची पृष्ठरचना तिने मोडीत काढली. प्रत्येक उपग्रहाला तक्त्यात एक ओळ आणि प्रत्येक ग्रहाला ठरावीक पाने, हा आराखडा होता. नव्या उपग्रहांसाठी अंतर, काल, कल (कक्षेचा तिरपेपणा) आणि विमध्यता (कक्षेचा लांबटपणा) सोडल्यास इतर सर्व रकाने रिकामे राहतात: नाव नाही, वस्तुमान नाही, घनता नाही, छायाचित्र नाही. पानेच्या पाने रिकाम्या रकान्यांनी भरलेली पुस्तिका कोणाच्याही उपयोगाची नाही.

३० मार्च २०२५

पर्याय शोधण्यात बराचसा पंधरवडा गेला. शेवटी उपग्रहांची विभागणी आकारानुसार न करता त्यांच्याविषयी आपल्याला किती खात्रीने माहिती आहे यावरून केली. ज्यांची यानांनी जवळून छायाचित्रे घेतली आहेत आणि ज्यांचे वस्तुमान मोजलेले आहे, त्यांना अर्धे ते एक पान. ज्यांची कक्षा पक्की असून नावही मिळालेले आहे, त्यांना तक्त्यात पूर्ण ओळ. तात्पुरते नाव असलेल्या अनियमित उपग्रहांना, त्यांच्या कक्षांच्या कलानुसार गट करून, आखूड ओळ. शनीच्या बाबतीत हे गट इन्युइट, गॅलिक आणि नॉर्स या नावांनी प्रचलित आहेत, आणि उलट दिशेने फिरणारा नॉर्स गट सर्वांत मोठा आहे.

तात्पुरत्या नावांचा क्रम लावताना एक लहान पण चिवट अडचण आली. संगणक ही नावे मजकूर म्हणून लावतो, त्यामुळे एस/२००४ एस १२ हा एस/२००४ एस ७ च्या आधी येतो. वर्ष, ग्रह आणि अनुक्रमांक असे तीन वेगळे रकाने केल्यावरच क्रम नीट लागला.

२० एप्रिल २०२५

लहान उपग्रहांच्या व्यासांपुढे ‘अंदाजे’ हा शब्द छापायचाच, यावर गटात मतभेद झाले. काहींच्या मते त्यामुळे पुस्तिका अनिश्चित वाटेल. माझे म्हणणे असे की हे व्यास कोणी मोजलेलेच नाहीत. उपग्रह किती तेजस्वी दिसतो एवढेच मोजले जाते, आणि त्याचा पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो हे गृहीत धरून व्यास काढला जातो. निरपेक्ष प्रत (ठरावीक प्रमाण अंतरावरून धरलेल्या तेजस्वितेचे माप) १६ असलेल्या उपग्रहाचा पृष्ठभाग ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो असे मानले तर व्यास ४.२ किमी येतो, आणि १० टक्के मानले तर २.७ किमी. ठिपका तोच, पण गृहीतक बदलले की आकार दीडपटीहून अधिक बदलतो. हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवल्यावर ‘अंदाजे’ सर्वांनी मान्य केले आणि तेच उदाहरण पुस्तिकेच्या आरंभी घेतले.

मोठ्या उपग्रहांच्या बाबतीतही मोजमाप बदलू शकते, हे टायटनच्या पानावर दिले आहे. व्हॉयेजर १ नोव्हेंबर १९८० मध्ये शनीजवळून जाईपर्यंत टायटन हा सौरमालेतील सर्वांत मोठा उपग्रह मानला जात असे, कारण त्याच्या दाट वातावरणासह मापलेला आकार पृष्ठभागाचा समजला जाई. आता टायटनचा व्यास ५,१५० किमी आणि गॅनिमिडचा ५,२६८ किमी आहे. जुन्या पुस्तकांत टायटनला पहिला क्रमांक दिलेला आढळला, तर त्याचे कारण हे आहे.

४ मे २०२५

एप्रिलअखेर गुरूचे आणखी दोन उपग्रह जाहीर झाले, संख्या ९७. आता रचना बदलावी लागली नाही, फक्त दोन ओळी वाढल्या.

कक्षेच्या कलाचा स्तंभ आज पूर्ण केला. आयापेटसचा कल शोधताना तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली: शनीच्या विषुववृत्ताशी साधारण १५.५ अंश, क्रांतिवृत्ताशी (पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी) १७.३ अंश, आणि कक्षा ज्या मध्यम प्रतलाभोवती डोलते त्याच्याशी सुमारे ८ अंश. आपल्या चंद्राचा कल आपण ५.१ अंश शिकतो, तो क्रांतिवृत्ताशी आहे. नियमित उपग्रहांसाठी ग्रहाचे विषुववृत्त आणि अनियमितांसाठी क्रांतिवृत्त, असा निर्णय घेऊन प्रत्येक तक्त्याखाली संदर्भप्रतल छापले. आयापेटस आणि चंद्र यांना स्वतंत्र टीप दिली.

१५ जून २०२५

‘नसलेले उपग्रह’ हे परिशिष्ट मूळ आराखड्यात नव्हते. जुने संदर्भ वाचताना ते आवश्यक वाटले, कारण ही नावे अजूनही कोठे ना कोठे छापली जातात. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. पिकरिंग यांनी शनीचा फीबी शोधला, तो खरा ठरला. १९०५ मध्ये त्यांनी टायटन आणि हायपेरियन यांच्या दरम्यान थेमिस हा दहावा उपग्रह असल्याचे जाहीर केले आणि १९०६ मध्ये शनीचे नववा व दहावा असे दोन्ही उपग्रह शोधल्याबद्दल त्यांना फ्रान्सचा लालांद पुरस्कार मिळाला. थेमिस मात्र नंतर कोणालाही दिसला नाही. खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६७२ मध्ये शनीचा ऱ्हिया शोधला आणि त्याच वर्षी शुक्राजवळही उपग्रहासारखे काही पाहिल्याची नोंद केली. निरीक्षक तोच, वर्षही तेच. पण शुक्राच्या त्या ‘उपग्रहा’ची बहुतेक निरीक्षणे १८८७ मध्ये जवळच्या ताऱ्यांची असल्याचे दाखवण्यात आले. विल्यम हर्शेलचे युरेनसचे टायटानिया आणि ओबेरॉन हे १७८७ चे शोध खरे, नंतरचे चार उपग्रह खोटे. हे परिशिष्ट मी सर्वांत आस्थेने लिहिले. अनुभवी निरीक्षकाचा शोधही इतरांनी पडताळल्याशिवाय तक्त्यात का घेत नाहीत, हे विद्यार्थ्यांना यातून समजेल.

शनीच्या एफ कड्याजवळ कासिनी यानाला २००४ मध्ये दिसलेले एस/२००४ एस ३, एस ४ आणि एस ६ हे ठिपके उपग्रह आहेत की धुळीचे पुंजके, हे ठरलेले नाही. त्यांना या परिशिष्टात न घालता ‘अनिर्णित’ अशा वेगळ्या चौकटीत ठेवले.

१३ जुलै २०२५

सूचीचे काम. प्रत्येक नावाशेजारी रोमन लिपीतील अधिकृत रूप दिले आहे, त्यामुळे देवनागरी उच्चाराविषयी दुमत असले तरी वाचकाला शोध घेता येईल. खरी अडचण संगणकीय लेखनाची होती. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत) दोन प्रकारे टंकले जाते: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला अर्धचंद्र जोडून. दिसायला ती सारखी, पण आमच्या पायथन स्क्रिप्टने एका प्रकारची नावे सूचीच्या आरंभी आणि दुसऱ्या प्रकारची थेट ‘ह’ नंतर लावली. ‘ऱ्हिया’तील ‘ऱ्’चेही असेच दोन प्रकार निघाले, आणि शोध घेतल्यावर निम्म्या नोंदी सापडत नव्हत्या. क्रमवारी लावण्याआधी सर्व मजकूर एकाच प्रकारात बदलून घेणारा टप्पा स्क्रिप्टमध्ये घातला. सूची दोन किंवा अधिक जणांनी मिळून टंकली असेल तर हा टप्पा अनिवार्य समजावा.

१० ऑगस्ट २०२५

पहिले मुद्रित (छपाईपूर्वी तपासायची प्रत) आले. अक्षरजुळणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केल्यामुळे रूपांतरात जोडाक्षरे तुटली आणि ‘ॲ’ अनेक ठिकाणी गाळला गेला. तो संपूर्ण मजकूर पुन्हा युनिकोड फॉन्टमध्ये लावून घ्यावा लागला आणि जुळणीचे १,८०० रुपये दुसऱ्यांदा गेले. काम देण्यापूर्वी एक नमुना पान लावून घेतले असते तर हा खर्च वाचला असता.

छायाचित्रे बहुतांशी नासाची असल्याने परवान्याचा प्रश्न आला नाही. श्रेय प्रत्येक चित्राखाली दिले. मात्र काळ्या पार्श्वभूमीची पानभर चित्रे डिजिटल छपाईत पट्टे देतात आणि अशा पानांचा दरही छापखान्याने वाढवून सांगितला. उपग्रह पार्श्वभूमीपासून वेगळे करून पांढऱ्या पानावर ठेवले. चित्रे लहान झाली, पण विवरे आणि भेगा आधीपेक्षा स्पष्ट उमटल्या.

२१ ऑगस्ट २०२५

७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाच्या कार्यक्रमापूर्वी प्रती हव्या असल्याने फाइल छापखान्यात जाण्याच्या बेतात होती. १९ तारखेला युरेनसच्या नव्या उपग्रहाची बातमी आली. जेम्स वेब दुर्बिणीने २ फेब्रुवारीला घेतलेल्या प्रतिमांमध्ये तो सापडला. अंदाजे १० किमी व्यास, केंद्रापासून सुमारे ५६,००० किमी अंतर, ओफेलिया आणि बियांका यांच्या कक्षांच्या दरम्यान. तात्पुरते नाव एस/२०२५ यू १. १९८६ मध्ये युरेनसजवळून गेलेल्या व्हॉयेजर २ लाही तो दिसला नव्हता.

छपाई दोन दिवस थांबवून तो समाविष्ट केला. ग्रहांचे उपग्रह आता ४१९, बटुग्रहांच्या ९ उपग्रहांसह ४२८. तारीख २१ ऑगस्ट २०२५. हे आकडे पुस्तिकेत सात ठिकाणी आले होते आणि प्रत्येक जागा हाताने बदलावी लागली. पुढील आवृत्तीत संख्या एकाच पानावर राहील आणि इतरत्र त्या पानाचा उल्लेख येईल.

५ सप्टेंबर २०२५

शंभर प्रती आल्या. अक्षरजुळणी दोनदा, मुद्रिते, छपाई आणि बांधणी मिळून १४,६०० रुपये लागले; छपाई एकदाच झाली असली तरी फसलेल्या जुळणीमुळे आणि वाढलेल्या पानांमुळे ठरवलेल्या रकमेपेक्षा खर्च बराच वाढला.

पुस्तिकेच्या शेवटी दोन कोरी, रेघा आखलेली पाने ठेवली आहेत. त्यांवर नाव, ग्रह, घोषणेची तारीख आणि आधार असे चार रकाने आहेत, आणि नवी घोषणा झाली की वाचनालयातील प्रतीत ग्रंथपाल ती तेथे लिहितील. मूळ स्प्रेडशीट, दोन्ही चाचण्या आणि सूचीची स्क्रिप्ट वाचनालयाच्या संगणकावर ठेवली आहे. ज्यांना आपल्या गावासाठी असे काम करायचे असेल त्यांनी ती घेऊन जावी आणि शनीच्या तक्त्यापासून सुरुवात करावी, कारण सर्वाधिक भर तेथेच पडते.

अपूर्ण राहिलेले काम: गुरूच्या अनियमित उपग्रहांचे गट कलानुसार लावलेले आहेत, परंतु प्रत्येक गटातील सदस्यत्वाचा आधार लिहायचा आहे. माकेमाकेच्या उपग्रहाला अजून कायमचे नाव नाही, त्यामुळे त्याची ओळ पेन्सिलीच्या खुणेसह ठेवली आहे.